कर्टचा वाटा

नेडीनच्या घरामागच्या खोलीत खुर्ची आणायला गेलेली अर्डिथ खुर्ची विसरली. वॉशिंग मशीनवर ठेवलेला कपडे धुण्याच्या लिक्विडचा नारंगी कॅन उचलून तिने त्याचं झाकण खिडकीच्या उजेडात धरलं. झाकणावर काळ्या मार्करने महिना आणि साल लिहिलं होतं. साताच्या दांड्यावर आडवी रेघ होती. शेजारी इंग्रजीतला छोटा के.

साताला अशी रेघ तिची जर्मन आजी द्यायची. तिच्यानंतर गावात अशी रेघ देणारी अर्डिथ एकटीच होती. आणि के म्हणजे कर्ट, तिचा मुलगा. कॅन तिच्याच तळघरातून निघालेला होता. तिथून तो तीस मैलांवर झेन्सव्हिलला, कर्टच्या घरी गेलेला असायला हवा होता.

"अगं, खुर्ची विणायला बसलीस की काय?" स्वयंपाकघरातून नेडीन ओरडली.

अर्डिथ कॅन घेऊनच बाहेर आली. टेबलाभोवती तिघी जणी कात्र्या घेऊन बसल्या होत्या. दर गुरुवारी हा उद्योग चालायचा. रविवारच्या पेपरांच्या पुरवण्या मधोमध पडायच्या, ज्यांच्याकडे मांजर नाही त्या मांजराच्या खाण्याची सवलतीची कूपनं मांजरवालीकडे सरकवायच्या, आणि नातवंडं असलेल्यांना डायपरची मिळायची. सगळ्यांत जाड फाइल अर्डिथची होती. प्लॅस्टिकच्या कप्प्यांत, दुकानातल्या रांगांच्या क्रमाने लावलेली.

"हा कुठून आणलास?" तिने विचारलं.

"का? डोळा आहे का त्याच्यावर?" नेडीन हसली. "माझ्या बहिणीने दिला. झेन्सव्हिलला जुन्या ड्राइव्ह-इन थिएटरच्या मैदानात शनिवारी बाजार भरतो ना, तिथला. पाच डॉलरला. कूपन नाही, पुरवणी नाही, रांग नाही. अर्डिथबाई, तुमच्या कात्रीचे दिवस भरले म्हणायचे."

बाकीच्या दोघी हसल्या. त्यांतल्या एकीने विचारलं, "खरंच, तुला कितीला पडतो गं हा?"

एरवी अर्डिथने आकडा तर सांगितलाच असता, वर कुठल्या आठवड्यात कुठलं कूपन कशावर लावलं तेही सांगितलं असतं. आज ती म्हणाली, "आठवत नाही." तिघींच्याही कात्र्या थांबल्या.

घरी परतताना ती गाडी नेहमीपेक्षा हळू चालवत होती. कॅन कर्टच्या घरून बाजारात कसा गेला? चोरी म्हणावी, तर लिक्विडच्या कॅनसाठी कोण घर फोडणार? शॉनाने, म्हणजे सुनेने, कुणाला दिला असेल, तर घेणाऱ्याने तो विकावा कशाला? गाडी गॅरेजमध्ये लागली तेव्हाही तिचे विचार तिथल्या तिथेच होते.

तळघराच्या उत्तरेकडची भिंत कर्टची होती. वर्लिनने, तिच्या नवऱ्याने, निवृत्त झाल्यावर तिथे छतापर्यंत फळ्या ठोकून दिल्या होत्या. अर्डिथ आणेल त्यातला अर्धा माल त्या भिंतीला लागे. झाकणावर महिना लिहायचा, जुना माल पुढे, नवा मागे, लेबलं बाहेर. शनिवारी गावातल्या दुकानात कूपनांची सूट दुप्पट धरत, म्हणून शनिवारी सकाळी ती दुकानात असे. त्याच वेळी वर्लिन खोकी गाडीत भरून झेन्सव्हिलला जाई. दुपारी परतल्यावर, कोट काढता काढता, तिकडे काय संपलंय ते सांगे.

आणि तिथेच गेले कित्येक महिने काहीतरी जुळत नव्हतं. घरात माणसं तीन: कर्ट, शॉना आणि आठ वर्षांची मेसी. आधी महिन्याला लिक्विडचे दोन कॅन लागायचे. मग चार लागायला लागले. उन्हाळ्यानंतर तर वर्लिन म्हणायला लागला, जेवढे असतील तेवढे दे. दाढीची ब्लेडंही तशीच. कर्टला छातीपर्यंत दाढी होती. याउलट मस्टर्डच्या पिवळ्या बाटल्या मात्र तिकडे कुणालाच नको होत्या. मस्टर्ड फुकट मिळालं होतं, अगदी फुकट. आता त्याने भिंतीच्या दोन फळ्या अडवल्या होत्या.

लिक्विडचा तिने तिच्या परीने अर्थ लावला होता. मेसी अंथरूण ओलं करत असणार. गेल्या नाताळात सगळे इकडे आले होते तेव्हा तिने शॉनाला सिंकपाशी गाठलं आणि हळूच सांगितलं, की कर्टही तिसरीत जाईपर्यंत करायचा, काळजी करू नकोस, होतं बंद. शॉना तिच्याकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि बाहेर जाऊन कर्टच्या कानाशी काहीतरी बोलली. कर्ट कोट न घालताच गाडीचे टायर बघायला गेला.

त्या रात्री जेवताना अर्डिथने विषय काढला.

"शॉना एवढ्या लिक्विडचं करते काय?"

वर्लिनने मीटलोफचा तुकडा कापला. "धुते."

"काय?"

"कपडे, अर्डी. लिक्विडने आणखी काय धुतात?"

"आणि ब्लेडं?"

"मी विचारलं नाही. बायकांना ब्लेडं कशाला लागतात हे मी विचारायचं?" त्याने पाण्याचा ग्लास उचलला. "तूच विचार हवं तर."

"कर्टच्या कारखान्यात सगळं ठीक आहे ना?"

"ठीक असणार. का?"

"सहज," ती म्हणाली आणि बटाट्याचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. वर्लिन आधीच वाढून घेतलेल्या बटाट्यांवर आणखी बटाटे वाढून घेत होता.

झोपेपर्यंत तिने दोन्ही बाजूंनी विचार केला. शॉना माल विकते हे उघड होतं. त्यांना अडचण असेल तर त्यांनी सांगायचं. आपण काय परके? आणि अडचण नसेल, तर आपण रांगेत उभं राहून आणलेलं बाजारात मांडायचं, ही कुठली रीत? रागवायचं की काळजी करायची ते तिचं ठरेना. कर्टला फोन करावा असं दोनदा वाटलं. पण फोनवर तो काय म्हणणार ते तिला पाठ होतं. दर रविवारी ती विचारायची, मिळालं का सगळं? आणि तो म्हणायचा, "हो आई, मिळालं. थँक्स." त्यापुढे हवापाणी.

शनिवारी सकाळी वर्लिन खोकी भरून गेला. त्यानंतर तासाभराने तीही फाइल घेऊन निघाली. दुकानाच्या वळणावर तिने उजवीकडचा दिवा लावला, मागचा माणूस हॉर्न वाजवेपर्यंत तशीच थांबली, आणि सरळ हायवेला लागली. दुप्पट कूपनांचा शनिवार तिने याआधी चुकवला होता तो फक्त बहिणीच्या अंत्यविधीसाठी.

मैदानाच्या एका टोकाला सिनेमाचा पांढरा पडदा अजून उभा होता, खालचे पत्रे निखळलेले. ऑक्टोबर संपत आला होता आणि खडीवर पाणी साचलं होतं. लोक गाड्यांच्या डिक्क्या उघडून, नाहीतर टेबलं मांडून बसले होते: जुनी हत्यारं, लहान मुलांचे कपडे, भोपळे, काचेची भांडी. अर्डिथ एकेक रांग धरून चालली. शॉनासारख्या लाल केसांची बाई शोधत होती. सापडल्यावर काय म्हणायचं याची तिने गाडीत दोन वाक्यं तयार केली होती, एक रागाचं आणि एक काळजीचं. त्यातलं कुठलं काढायचं ते शॉनाचा चेहरा बघून ठरणार होतं.

तिसऱ्या रांगेच्या कोपऱ्यावर हिरव्या ताडपत्रीखाली लोखंडी फळ्यांचा घडीचा रॅक होता. वर्लिनने तो चर्चला दिला होता, निदान तसं त्याने सांगितलं होतं. रॅकवर लिक्विडचे कॅन, शॅम्पू, टूथपेस्ट, ब्लेडं. जुनं पुढे, नवं मागे, लेबलं बाहेर. बागेतल्या खुर्चीवर, मांडीवर गोधडी घेऊन वर्लिन बसला होता. समोर एक धिप्पाड बाई दोन कॅन हातात तोलत होती.

"दोन घेतले तर कितीला?"

"दोन घेतले तर दहाला."

"अहो, एकच पाचला ना? मग फायदा काय?"

"दोन कॅन," वर्लिन म्हणाला.

बाई हसली आणि तिने पैसे दिले. वर्लिनने ते खिशात घालताना मान वर केली आणि अर्डिथ दिसली. त्याने टोपी काढली, मग पुन्हा घातली.

"शॉना कुठाय?" अर्डिथने विचारलं.

"शॉना?"

"कॉफी आणायला गेलीय का?"

वर्लिनने कॉफीच्या गाडीकडे पाहिलं, जणू तीही शक्यता धरून. "शॉना इथे नसते, अर्डी."

"मग कर्ट?"

"तोही नसतो. म्हणजे येतो. जेवायला येतो."

"मग हे दुकान कुणाचं?"

"माझं," वर्लिन म्हणाला. तो उठला आणि त्याने खुर्ची तिच्याकडे केली. ती बसली नाही. फळीवरच्या एका शॅम्पूचं लेबल थोडं फिरलं होतं, ते तिने सरळ केलं.

"पाच डॉलरला देतोस?" ती म्हणाली. "दुकानात याला बारा पडतात."

"सहा म्हटलं की पुढे जातात."

"आणि मस्टर्ड?"

"मस्टर्ड कोणी घेत नाही. तुला सांगत होतो ना."

तेवढ्यात कामाचे बूट घातलेला एक माणूस ब्लेडांची पाकिटं उलटसुलट करून बघायला लागला. "काय बाबा, माल चोरीचा नाही ना?"

वर्लिन अर्डिथकडे बघत होता.

"नाही," अर्डिथ म्हणाली. "पावत्या घरी आहेत."

माणसाने तिच्या कोटाकडे, काखेतल्या फाइलकडे पाहिलं आणि तीन पाकिटं घेतली. तो गेल्यावर अर्डिथने रिकाम्या झालेल्या जागी मागची पाकिटं पुढे ओढली.

"किती दिवस चाललंय?"

"मेसीच्या सहाव्या वाढदिवसापासून."

तो वाढदिवस अर्डिथला चांगला आठवत होता. किंबहुना गुरुवारच्या टेबलावर तिने त्याची गोष्ट अनेकदा सांगितली होती. केक कापायच्या आधी ती शॉनाच्या कपाटात मेणबत्त्या शोधत होती आणि तिला केचपची बाटली मिळाली, पुऱ्या किमतीची. दुकानाची किमतीची चिठ्ठी अजून तशीच होती. तिने बाटली सगळ्यांसमोर उंच धरली आणि म्हणाली, ओळखा पाहू, मला ही कितीला पडते? बारा सेंट! सगळे हसले होते. शॉनाची आईसुद्धा हसली होती.

"सगळे हसले होते," ती म्हणाली.

"हो. शॉना वर जाऊन बसली होती."

"ती तर मेसीचे कपडे बदलायला गेली होती."

अर्डिथने पुन्हा आठवून पाहिलं. मेसी तर तेव्हा खालीच होती, केकपाशी.

"पुढच्या शनिवारी मी खोकी घेऊन गेलो," वर्लिन सांगायला लागला, "तर कर्टने आत घेतलीच नाहीत. दारातच म्हणाला, बाबा, आता हे बस. आमच्या घरात आमचं असं काही उरलंच नाहीये. आई येते आणि आधी कपाटं उघडते. तिला म्हणावं, एकदा काही न घेता ये. नुसती ये."

"असं म्हणाला?"

"असंच."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"सांगणार होतो. घरी आलो तेव्हा तू पावत्या पसरून बसली होतीस. पुढच्या महिन्यातलं त्यांच्यासाठी काय काय ठरवलंयस ते सांगत होतीस." त्याने टोपी मागे सरकवली. "मला वाटलं, काही न घेता जा म्हटलं तर तू जाणारच नाहीस. मग जाणंच बंद होईल."

"तसंही ते बंदच आहे," अर्डिथ म्हणाली. हे वाक्य तोंडातून निघाल्यावरच तिला कळलं की दोन वर्षांत ती त्या घरात गेलेली नाही. शनिवारी दुकान असे, रविवारी चर्च, आणि सणाला ते इकडे येत. तिला वाटायचं आपण दर आठवड्याला तिकडे असतो. खोकी जायची ना.

"चर्चला द्यायचं होतं सगळं."

"एकदा दिलं. पास्टर म्हणाले, रविवारी सगळ्यांसमोर अर्डिथचे आभार मानतो. त्यांना गप्प करताना माझी पुरेवाट झाली. मग इथे आलो."

"आणि फोनवर कर्ट मला थँक्स म्हणायचा."

"मी सांगितलं होतं म्हणून. त्याला ते आवडत नाही. दर वेळी भांडतो माझ्याशी."

"दर वेळी म्हणजे?"

वर्लिनने गोधडीची घडी घातली. "जेवायला येतो ना इथे. विक्रीच्या पैशांतून जेवतो आम्ही, पलीकडे सॉसेजवाला आहे. तो येतो, मेसी येते. कधीकधी शॉनाही."

"दर शनिवारी?"

"तू दुकानात असतेस ना तेव्हा."

अर्डिथने फाइल या काखेतून त्या काखेत घेतली. पलीकडे सॉसेजवाल्याच्या गाडीपुढे लाकडी बाकं होती. तिथे एक बाप मुलीच्या तोंडाला लागलेलं पुसत होता. कर्ट नव्हता, पण तिने नीट निरखून पाहिलं.

"आज येणार आहेत?"

"आज नाही. मेसीला सर्दी झालीय. घरीच आहेत."

"लिक्विड," अर्डिथ मध्येच म्हणाली. "मेसी अंथरूण ओलं करत नाही?"

"नाही गं बाई," वर्लिन म्हणाला. "कधीच नाही."

ती गाडीत जाऊन बसली. वर्लिन मागोमाग खिडकीपाशी आला आणि काच खाली करायची खूण करायला लागला. तिने ती केली नाही. त्याने हाताने रस्ता दाखवला, दुसरा सिग्नल, मग डावीकडे. जणू तिला माहीत नव्हतं.

दुसऱ्या सिग्नलच्या अलीकडे मोठं दुकान होतं, आणि फाइलच्या चौथ्या कप्प्यात चिकन सूपच्या डब्याचं कूपन होतं. फुकट डब्याचं, आज संपणारं. मेसीला सर्दी होती. एखाद्या आजीने सर्दी झालेल्या नातीला सूप नेलं तर कोणी काय म्हणणार होतं? अर्डिथ पार्किंगमध्ये वळली, जागा शोधून गाडी लावली आणि कूपन बाहेर काढलं. एका डब्याने काय होतं. एक डबा म्हणजे काही न घेतल्यासारखंच. तिने दाराच्या कडीला हात घातला आणि कर्ट दारात उभा राहून खोकी आत न घेताना कसा दिसला असेल ते तिला डोळ्यांपुढे आणता येईना. तो नेहमी घेत आला होता. लहानपणी नको असलेलं दूधही तो पिऊन टाकायचा, ती बघत असली की. एक बाई ट्रॉली ढकलत आली आणि विचारायला लागली, जागा सोडताय का? अर्डिथने हो म्हणून मान हलवली, आणि मग खरोखरच जागा सोडावी लागली.

कर्टच्या घराचा रंग बदलला होता. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर तिने तेव्हा लिक्विड पुरतंय का ते विचारलं असेल. तिने सवयीने डिक्की उघडली. डिक्की कधीच पूर्ण रिकामी नसे. आत टिश्यूची सहा खोकी होती. सर्दीला टिश्यू लागतातच. तिने एक खोकं उचललं, परत ठेवलं, मग डिक्की लावली आणि नीट लागली का ते ओढून पाहिलं. फाइल पुढच्या सीटवर राहू दिली.

पायऱ्या तीनच होत्या. बेल वाजवल्यावर तिने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. एका खिशात सूपचं कूपन होतं, म्हणून तो हात बाहेर काढला. मग एकच हात खिशात बरा दिसेना, म्हणून दुसराही काढला.

दार शॉनाने उघडलं. तिच्या अंगात घरातला जुना स्वेटर होता आणि हातात थर्मामीटर. तिने अर्डिथच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हातांकडे, मग तिच्या खांद्यावरून गाडीकडे. गाडीची डिक्की बंद होती. शॉनाचा चेहरा उतरला.

"वर्लिनना काही झालं का?"

"नाही," अर्डिथ म्हणाली. "तो बाजारात आहे. कॅन विकतोय."

शॉनाने दार घट्ट धरलं.

"मग... गाडीतून काही आणायचंय? कर्टला पाठवते. जड आहे का?"

"काही नाही आणायचं."

"काहीच नाही?"

"मी नुसतीच आले," अर्डिथ म्हणाली. "चालेल ना?"

आतून टीव्हीचा आवाज येत होता आणि मेसी खोकत होती. कर्टने कोण आलंय म्हणून विचारलं. शॉनाने आणखी एकदा अर्डिथच्या मोकळ्या हातांकडे पाहिलं, थर्मामीटर स्वेटरच्या खिशात टाकलं आणि दार पूर्ण उघडून हात पुढे केला.

"मग कोट तरी द्या इकडे," ती म्हणाली.

अर्डिथने मान डोलावली आणि गळ्याशी बोटं नेली, पण तिला वरचं बटण सापडेना.